कर्ता कोण? आगरकरांची दोन कामं आणि आपला शोधनिबंध

1888 या एकाच वर्षात गोपाळ गणेश आगरकरांनी दोन गोष्टी केल्या. 15 ऑक्टोबरला 'सुधारक' हे साप्ताहिक सुरू केलं, आणि त्याच वर्षी 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. पहिली गोष्ट सगळ्यांना पाठ असते. सेट-नेटच्या तयारीत 'सुधारक कोणी काढलं?' हा प्रश्न आपण झोपेतही सोडवतो. दुसरी गोष्ट मात्र ग्रंथसूचीतल्या एका ओळीत संपते. समाजसुधारकाने मध्येच व्याकरणाचं पुस्तक का लिहिलं असेल, हे सहसा कोणी विचारत नाही.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे की ही दोन कामं वेगळी नव्हती. दर आठवड्याला नीतीवर लिहिणारा लेखक आणि मुलांना वाक्य फोडून दाखवणारा मास्तर हा एकच माणूस होता, आणि दोन्हीकडे तो एकच प्रश्न विचारत होता: कर्ता कोण? हे माझं वाचन आहे. पटतं का बघा. पटलं, तर त्याचा उपयोग थेट आपल्या सिनॉप्सिसमध्ये आहे.

आधी कारकीर्द थोडक्यात

आगरकरांचा जन्म 1856 चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरची गरिबी इतकी की शिक्षणासाठी गाव, नातेवाईक, शिष्यवृत्ती असं सगळं शोधत फिरावं लागलं. डेक्कन कॉलेजात टिळकांशी मैत्री झाली आणि सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणात काम करायचं, असं ठरलं. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल 1880 मध्ये निघालं, 'केसरी' 1881 मध्ये. आगरकर शाळेत शिकवत होते आणि 'केसरी'चे पहिले संपादकही तेच. म्हणजे सकाळी वर्ग आणि नंतर अग्रलेख, अशी दुहेरी नोकरी. 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं, तिथेही ते शिकवू लागले. 1892 मध्ये वामन शिवराम आपटे वारले आणि आगरकर प्राचार्य झाले. 17 जून 1895 ला ते गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. दम्याने आयुष्यभर पाठ सोडली नाही.

आता यातली एक तारीख बाजूला काढा: ऑक्टोबर 1887. त्या महिन्यात आगरकरांनी 'केसरी' सोडला. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या वादातून ते झालं असं आपण शिकतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात लेखनाचाही एक पेच होता. अग्रलेखातला 'आम्ही' म्हणजे नेमकं कोण? 'केसरी' ही मंडळींची सामायिक संस्था होती. तिथे 'आम्ही' लिहिलं की त्यात टिळक आले, बाकीचे सहकारी आले. बालविवाह आणि केशवपन यांवर स्पष्ट बोलायचं, तर हा 'आम्ही' पुरत नव्हता. 'सुधारक'मध्ये आगरकरांना स्वतःच्या वाक्यांची जबाबदारी स्वतः घेता आली. इंग्रजी बाजू सांभाळायला तरुण गोपाळ कृष्ण गोखले होते, मराठी बाजू आगरकरांची.

वाक्य फोडणं म्हणजे काय

वाक्यपृथक्करण आपण सगळ्यांनी शाळेत केलं आहे. उद्देश्य, विधेय, केवल वाक्य, मिश्र वाक्य, संयुक्त वाक्य. तेव्हा ते मार्कांचं काम वाटायचं. पण आत काय चालतं ते बघा. कोणाबद्दल बोललं जातंय हे शोधायचं. त्याच्याबद्दल काय सांगितलंय हे शोधायचं. कोणतं वाक्य मुख्य आणि कोणतं कशावर टेकलेलं, हे ठरवायचं. तर्कशास्त्रात विधानाची तपासणी अशीच होते. आगरकरांवर मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांचा खोल परिणाम होता. त्यामुळे त्यांच्या हाती व्याकरण हे विचार तपासायचं हत्यार झालं, यात नवल नाही.

हेच हत्यार त्यांच्या नीतिलेखनात दिसतं. त्यांचा एक गाजलेला निबंध आहे, त्याचं शीर्षक 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत'. नुसतं शीर्षक घ्या. आजचा एखादा शोधनिबंध असता तर नाव आलं असतं, 'स्त्रीवेशातील परिवर्तनाची आवश्यकता: एक अभ्यास'. त्यात कोणी काय करायचं, काही कळत नाही. आगरकरांचं शीर्षक मात्र पूर्ण वाक्य आहे. कोणी? स्त्रियांनी. काय? जाकिटे. पुढे काय? घातली पाहिजेत. वाचणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणावंच लागतं. आणि गंमत म्हणजे हा कर्मणी प्रयोग आहे, क्रियापद जाकिटांप्रमाणे चालतं. तरी कर्ता पळालेला नाही. म्हणजे दोष प्रयोगाचा नसतो, कर्ता गाळण्याचा असतो.

रूढीची भाषा नेमकी उलटी असते. 'केशवपन केलं जातं', 'मुलीचं लग्न लवकर लावलं जातं', 'असं चालत आलंय'. करणारा कोणीच नाही, म्हणून जाब कोणाला विचारायचा? आगरकरांचा सगळा खटाटोप हा गाळलेला कर्ता परत वाक्यात आणण्याचा आहे. रूढी आपोआप घडत नाही, बुद्धी असलेली माणसं ती रोज पाळतात, तेव्हा त्यांनी कारण द्यावं, हा त्यांचा आग्रह. 1891 मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा आला तेव्हा टिळक विरोधात होते, आगरकर बाजूने. त्या भूमिकेची किंमत मोठी होती. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, हा प्रसंग अजून सांगितला जातो. (माझंही वाक्य बघा: 'काढली गेली'. कोणी काढली? सनातनी विरोधकांनी.)

पुराव्याचा धडा

पण नुसता कर्ता सापडला म्हणजे झालं नाही. हे आगरकर 1882 मध्येच शिकले, तेही तुरुंगात. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे हे तरुण महाराजांचा छळ करतात, असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा'मध्ये छापून आला. कर्ता स्पष्ट, क्रियापद स्पष्ट. आधाराला पत्रंही होती. खटला उभा राहिला आणि ती पत्रं बनावट ठरली. माफी मागूनही टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं.

संशोधन करणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. कर्ता लिहायचा, पण तो कोणत्या कागदावरून लिहिला आणि तो कागद कोणी, कशासाठी तयार केला, हेही तपासायचं. पोटवाक्य कच्चं असेल तर मुख्य वाक्य उभं राहत नाही.

आपल्या तालुक्यात आणून बघू

शिरूर-दौंडकडच्या मुलांना हे जवळून कळावं म्हणून घरचंच उदाहरण घेऊ. 1875 चे दख्खनचे दंगे. प्रबंधात सर्रास येणारं वाक्य असं: 'शिरूर तालुक्यात सावकारांवर बहिष्कार टाकण्यात आला.' आता फोडा. कोणी टाकला? 'रयतेने' असं उत्तर पटकन येतं. पण दंग्यांच्या चौकशी आयोगाच्या अहवालातली हकिगत डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावापाशी जाते. तिथे कालुराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला होता आणि त्यांचं घर पाडायला घेतलं होतं. म्हणजे सुरुवातीला उभा आहे तो गावातला वजनदार, पण कर्जात बुडालेला माणूस. मग गावकरी, मग सावकाराचं काम बंद करणारे इतर लोक. एका 'रयत' शब्दात किती वेगवेगळे कर्ते दडलेत बघा.

पुढे 12 मे 1875 ला सुप्यात उठाव झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात, म्हणजे आजच्या दौंड-बारामतीच्या पट्ट्यात. 'कर्जरोखे जाळले गेले.' कोणी जाळले, आणि कर्जरोखेच का? कारण कोर्टात सावकाराचा सगळा जोर त्या कागदावर होता. क्रियापदाचं कर्म नीट वाचलं की हेतू दिसायला लागतो. आणि हे सगळं सांगतोय कोण? सरकारने नेमलेला आयोग. बर्वे प्रकरणातला प्रश्न इथेही लागू आहे: हा कागद कोणाचा? 1879 मध्ये सरकारने शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला, तो याच घडामोडींनंतर.

इथे आगरकरांची मर्यादाही दिसते. केशवपनासारखे त्यांचे मोठे विषय प्रामुख्याने ब्राह्मण घरांतले होते, त्यांचा वाचक पुण्या-मुंबईचा शिकलेला माणूस होता. कर्ड्याचा कर्जदार समजून घ्यायला 1883 चा जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' जास्त कामाचा आहे. पद्धत आगरकरांची घ्या, पण वाक्यात कोणाला कर्ता करायचं याचं भान फुल्यांकडून घ्या. दोघांना एकत्र वाचायला कोणतीही विद्यापीठीय हरकत नाही!

तर काम असं. तुमच्या सिनॉप्सिसचं एक पान काढा. 'दिसून येते', 'मानले जाते', 'करण्यात आले', 'आढळते' या प्रत्येकाखाली पेन्सिलने रेघ मारा. समोर कर्त्याचं नाव लिहा आणि शेजारी तो कोणत्या कागदात सापडला ते लिहा. जिथे दोन्ही जागा रिकाम्या राहतील, तिथे तुमचा खरा संशोधनप्रश्न असण्याची शक्यता आहे. ते वाक्य खोडू नका, त्याच्याभोवती गोल करा आणि गाईडकडे जाताना तेच पान घेऊन जा.