प्राचीन स्लाव्ह भाषा : दृष्टिबाधितांसाठी अध्यापन

प्राचीन चर्च स्लाव्हॉनिक ही स्लाव्ह कुळातील सर्वांत जुनी ग्रंथभाषा. सिरिल व मेथोडियस हे बंधू ८६३ च्या सुमारास मोराव्हियात धर्मप्रसारासाठी गेले. त्या कार्यासाठी ग्रीकमधून केलेल्या अनुवादांतून ती घडली. रशियातील विद्यापीठांत भाषा-साहित्याच्या विद्यार्थ्याला ती शिकावीच लागते, अंध विद्यार्थीही त्याला अपवाद नाहीत.

व्याकरणाचा बाऊ करण्याचे कारण नाही. सात विभक्ती आणि संस्कृतासारखे द्विवचन ही पाठांतराची बाब आहे. घोडे अडते ते अक्षरांपाशी. ‘येर’ हे दोन अतिऱ्हस्व स्वर पूर्वी उच्चारले जात. आधुनिक रशियनमध्ये त्यांची अक्षरे केवळ मृदू-कठोर चिन्हे म्हणून उरली आहेत. त्यामुळे रशियन आवाजाचा स्क्रीन रीडर नेमका शिकायचा स्वरच गिळतो. यावर ब्रेल हाच उपाय. ‘यात’ हे अक्षर १९१८ च्या लेखनसुधारणेपूर्वी रशियन ब्रेलमध्येही होते, मात्र ‘युस’ या अनुनासिक स्वरांसाठी शिक्षकाला ठिपक्यांची जुळणी आधीच ठरवून द्यावी लागते. सोयीसाठी सारा मजकूर आजच्या लेखनपद्धतीत उतरवून देणे ही मदत नव्हे. त्यात अभ्यासविषयच नाहीसा होतो.

संख्यालेखनात वेगळीच गंमत आहे. हस्तलिखितांत अक्षरावर ‘तित्लो’ ही रेघ देऊन अंक दाखवतात. सिरिलिकमध्ये ‘ब’ला संख्यामूल्यच नाही, २ म्हणजे ‘व’. ब्रेलमध्ये मात्र संख्याचिन्हापुढे ‘ब’चे ठिपके आले की २ होतात. ‘अ’, ‘द’ आणि ‘ए’ दोन्हीकडे १, ४ आणि ५ असल्याने विद्यार्थी अधिकच गोंधळतो. म्हणून तित्लोला स्वतंत्र चिन्ह हवे, ब्रेलचे संख्याचिन्ह तेथे वापरू नये.

ग्लागोलिथिक या अधिक जुन्या लिपीची वळणे उठावदार आकृतीवर बोटांनी चाचपून शिकवता येतात. तिचे ‘व’ उलटे धरले की ‘द’ होते. कागद फिरवून हे बोटांना लगेच उमगते. नकलकारांच्या चुका समजण्यासाठी अक्षरांचे आकार ठाऊक असावे लागतात, त्यामुळे अंधांना लिपी वगळून शिकवावे हे मत टिकत नाही.

हस्तलिखिताचे छायाचित्र स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. टंकलिखित पाठच लागतो. ग्लागोलिथिकला युनिकोडमध्ये २००५ मध्ये स्थान मिळाले. हेलसिंकीच्या सिरिल-मेथोडियस संग्रहातील पाठ मात्र साध्या कळफलकावरील चिन्हांत आहेत. डोळसांना ओबडधोबड वाटणारी ही पद्धत ब्रेल डिस्प्लेवर बिनतक्रार चालते. अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना मोठा ठसा आणि ठळक रंगभेद बहुधा पुरतो.

परीक्षेत लेखनिक ही भाषा जाणणारा नसेल तर अक्षरांची परंपरागत नावे उपयोगी पडतात : अझ, बुकी, वेदी, ग्लागोली, दोब्रो. विद्यार्थ्याने नावे सांगायची, लेखनिकाने समोरच्या तक्त्यावरून अक्षर उतरवायचे. वेग मंदावतो, म्हणून जादा वेळ देणे आवश्यक ठरते.