झेनव्हिएव : एका नामाची साक्ष

व्यक्तिनामे हीदेखील इतिहासाची साधने होत. फ्रान्समधील ‘झेनव्हिएव’ हे स्त्रीनाम पाहावे. त्याचे जुने लॅटिन रूप ‘गेनोवेफा’. काही पंडित ते केल्टिक ठरवितात. तथापि अनेकांच्या मते ते जर्मानिक असून त्याच्या पूर्वपदाचा अर्थ ‘कुल’ व उत्तरपदाचा ‘स्त्री’ असा आहे. आपल्या ‘कुलस्त्री’ शब्दाशी त्याचे साम्य आम्हांस लक्षणीय वाटते.

या नावाची संत पाचव्या शतकात पॅरिसनजीक नांतेर येथे जन्मली. तिच्या प्राचीन चरित्रात पित्याचे नाव सेव्हेरुस व मातेचे गेरोन्शिया आहे. ही नावे रोमन परंपरेतील; कन्येचे मात्र, उपर्युक्त मत ग्राह्य धरल्यास, जर्मानिक. दोन समाज एकमेकांत मिसळू लागल्याची ही साक्ष नव्हे काय?

इ. स. ४५१ मध्ये अ‍ॅटिलाच्या भयाने नगर सोडू पाहणाऱ्या पॅरिसवासीयांना तिने धीर दिला, असे चरित्रकार सांगतो. पुढे ती नगररक्षक देवता मानली गेली. १७९१ मध्ये तिच्या नावाने उभारलेल्या चर्चचे ‘पॅन्थिऑन’ झाले; १७९३ मध्ये तिच्या अस्थी जाळण्यात आल्या. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच मातापिता आपल्या कन्यांना हेच नाव आवडीने ठेवीत होते. वास्तूंची नावे राजवटी बदलतात. मुलींची नावे घरे ठरवितात, हे इतिहास शिकविताना आम्ही विसरू नये.