इनामगावचे दात

वाचकहो, बकरी ईदसाठी बोकड खरेदी करताना आपण प्रथम काय पाहतो? त्याचे तोंड उघडून दात पाहतो. दोन दात आले म्हणजे वर्ष भरले, हे शाळेची पायरी न चढलेला माणूसही सांगतो. माणसाच्या दातांवरून तर याहून पुष्कळ कळते. त्याचे उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे सापडले.

घोड नदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. त्याच्या अहवालावर डॉ. ढवळीकर, डॉ. सांकलिया व डॉ. झेड. डी. अन्सारी अशी तीन नावे आहेत. तिसरे नाव आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळात येथे शेतकरी राहत. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात आज पोत्यांनी उतरणारे गहू व मसूर तेव्हा तेथे पिकत. मुख्य धान्य मात्र जव. धान्य खाणाऱ्यांचे दात किडतात, कारण पिठूळ अन्न दाताला चिकटून राहते. दगडावर दळलेल्या पिठातील कच दात झिजवते. दाढांच्या उंचवट्यांची ठेवण आईबापांकडून येते, म्हणून तिच्यावरून समूहांचे नाते ताडता येते. आपल्या उष्ण हवेत हाडांतील डीएनए फार टिकत नाही, तेव्हा या ठेवणीचे मोल अधिक. दातावरून कोणाची जात किंवा भाषा सांगता येते असे कोणी म्हणाले, तर मात्र विश्वास ठेवू नका!

येथे दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. दोन मातीची भांडी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत, आत बाळ, आणि ती घराच्याच जमिनीखाली पुरीत. या मुलांचे दात डॉ. वाळिंबे व अमेरिकेचे डॉ. ल्युकाक्स यांनी तपासले.

पालकहो, दुधाच्या दातांची घडण आईच्या पोटातच, चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते. दातावरचे कठीण कवच थराथराने चढते. त्या काळात उपासमार किंवा मोठा आजार झाला, तर तेथे खाच किंवा खळगा राहतो. हाड मोडले तर सांधते. हे कवच एकदा तयार झाले की पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे पहिला वाढदिवसही न पाहिलेल्या बाळाच्या दातावर त्याच्या आईच्या अडचणीचे दिवस तीन हजार वर्षांनंतरही वाचता येतात.