गोपनीयता, शोधनिबंध-परीक्षणातील

नियतकालिकाकडे आलेला शोधनिबंध, त्यावरचे अभिप्राय आणि संपादकीय पत्रव्यवहार प्रसिद्धीपूर्वी बाहेर जाऊ न देण्याचे बंधन. परीक्षकाचे नाव लेखकापासून राखून ठेवण्याची प्रथाही याच नावाने ओळखली जाते. वस्तुतः या दोन निराळ्या गोष्टी आहेत : पहिली लेखकाच्या हक्काची, दुसरी सोयीची.

एडिंबरो येथील वैद्यक मंडळ १७३१ पासून निबंध त्या त्या विषयाच्या जाणकार सभासदांकडे देई आणि त्यांची नावे लेखकाला कळवत नसे. तरीही बाहेरच्या तज्ज्ञाकडून परीक्षण करून घेण्याची रीत सर्वत्र रुजायला विसावे शतक उजाडावे लागले. १९३६ मध्ये आइन्स्टाइन व नेथन रोझेन यांनी गुरुत्वलहरी नसतातच, असा निष्कर्ष मांडणारा निबंध अमेरिकेतील ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे धाडला. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे पाठवला आणि चुका दाखवणारे दहा पानी टिपण आइन्स्टाइनना कळवले. छापण्यापूर्वी तज्ज्ञांना दाखवण्याची परवानगी आपण दिलीच नव्हती, असे संतापाने लिहून आइन्स्टाइननी निबंध मागे घेतला. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण टेट यांचे काही चुकले नव्हते. परीक्षक होते प्रिन्स्टनचे हॉवर्ड रॉबर्टसन. आइन्स्टाइनचे सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड यांना त्यांनी पुढे गप्पांच्या ओघात चूक उलगडून दाखवली. १९३७ मध्ये निबंध दुसऱ्या नियतकालिकात आला तो निष्कर्ष बदलूनच. रॉबर्टसन यांचे परीक्षकपण जगाला कळले २००५ मध्ये, ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या जुन्या नोंदवहीवरून, तोवर त्यांना जाऊन ४४ वर्षे झाली होती.

याउलट २००७ मध्ये रोझिग्लिटाझोन या मधुमेहावरील औषधाने हृदयविकाराचा धोका वाढतो, असे सांगणारा अप्रकाशित निबंध परीक्षकानेच औषध कंपनीकडे पोचवला. कंपनीला प्रत्युत्तराच्या तयारीला आगाऊ वेळ मिळाला. हा सरळ विश्वासघात होता. परीक्षकाच्या हाती निबंध येतो तो ठेव म्हणून. त्यातली कल्पना उचलणे किंवा तो विद्यार्थ्याकडे परस्पर सोपवणेही त्याच जातीचे.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने १९९९ पासून परीक्षकांची नावे लेखकांना कळवायला सुरुवात केली. अप्रकाशित मजकुराविषयीचा नियम मात्र सैल झालेला नाही. उलट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे तो आणखी आवळला जात आहे, कारण त्यांत टाकलेला मजकूर बाहेर जाऊ शकतो. संशोधन-अनुदानाच्या प्रस्तावांचे परीक्षण करताना अशी साधने वापरण्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी जून २०२३ मध्ये मनाई केली.