अंबादेवीच्या वाटेवरचे दगड अन् आपल्या धुऱ्यावरचे गोटे

मोर्शी तालुक्यातल्या धारूळवरून अंबादेवीला जायची वाट आपल्या भागातल्या पुष्कळ लोकांना पाठ आहे. डोंगर चढायचा, गुहेतल्या देवीचं दर्शन घ्यायचं, सावलीत बसून डबा खायचा अन् परत यायचं. आजूबाजूला उभ्या असलेल्या मोठमोठ्या दगडांकडे मान वर करून कोण पाहते?

27 जानेवारी 2007 ला काही लोकांनी पाहिलं.

डॉ. विजय इंगोले, प्र. सु. हिरुरकर, पद्माकर लाड, शिरीषकुमार पाटील, ज्ञानेश्वर दमाहे अन् मनोहर खोडे ही अमरावती-मोर्शीकडची हौशी निसर्गप्रेमी मंडळी. सातपुड्याच्या या भागात त्यांना दगडाच्या कपारीत रंगवलेली चित्रं दिसली. पुढे ते थांबले नाहीत. पुन्हा पुन्हा गेले, पायी फिरले, एकेक कपार पाहिली, फोटो काढले, नोंदी केल्या. अशा कपारी म्हणजे शैलाश्रय. त्यांचा आकडा बघता बघता शंभराच्या वर गेला. नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही तिथे काम केलं. म्हणजे आधी पाय गेले, मग सरकार गेलं.

आता कोणी म्हणेल, "हे दगड त गुराख्याले आधीच ठावं होते." बरोबर आहे. ठाऊक होतेच. पण ठाऊक असणं वेगळं अन् नोंद असणं वेगळं. ज्याची नोंद नाही, ते उद्या फुटलं तरी फुटलं हे कोणाला कळत नाही.

चित्रं तिथेच का, आपल्या तिवशाकडे का नाहीत? त्याचं उत्तर दगडातच आहे. आपला दगड काळा, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्याचा हा दगड. आपली काळी माती त्याच्याच झिजेतून तयार झाली. पण उत्तरेला सालबर्डीकडे गेलं की या लाव्हाच्या खालचे जुने थर उघडे पडलेले दिसतात. तिथल्या थरांत डायनासोरची अंडीसुद्धा सापडली आहेत! त्याच पट्ट्यात वालुकाश्म आहे. हा दगड वाऱ्यापाण्याने खालून कोरला जातो अन् वर छत राहतं. माणसाला आयता निवारा मिळतो, अन् खरबरीत भिंतीवर गेरू चांगला धरतो. भोपाळजवळच्या भीमबेटकाचीही हीच गोष्ट. 1957 मध्ये वि. श्री. वाकणकरांना रेल्वेतून जाताना ते खडक दिसले अन् ते तिकडे चालत गेले. 2003 मध्ये भीमबेटका जागतिक वारसा यादीत गेलं. कोकणातल्या कातळशिल्पांसाठी सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं सडे तुडवत फिरले. 2022 मध्ये ती शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली.

आपल्या सातपुड्यातल्या चित्रांची अडचण वेगळीच आहे. धारूळ महाराष्ट्रात, शैलाश्रय सीमेपलीकडे मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात. जाणारे-येणारे आपण, अन् कचेरी तिकडची. त्यामुळे कोणी भिंतीवर नाव कोरलं, कपारीत चूल पेटवली, तर ती जबाबदारी आधी आपलीच.

फोटो काढायला जाणाऱ्यांनी एवढं पाळा. चित्र उठून दिसावं म्हणून त्यावर पाणी मारू नका. खडूने गिरवू नका. हात लावू नका. शेजारी पट्टी किंवा पेन धरून एक फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. खड्डे किंवा कोरीव खुणा असतील तर सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढा. फिकट रंग पुढे संगणकावर उठावदार करता येतो, त्यासाठी डीस्ट्रेच नावाची सोयही आहे. पण जागेचं नक्की ठिकाण फेसबुकवर टाकू नका, अभ्यासकांना द्या.

अन् आता तिवशाचं बोलू.

आपल्याकडे गेरूची चित्रं नसतील, पण आपण मोकळे हाताने नाही. वर्धेच्या काठावरचं कौंडण्यपूर आपल्याच तालुक्यात. रुक्मिणीचं माहेर म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण मो. गं. दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं अन् त्याचा ग्रंथ 1968 मध्ये निघाला, हे किती जणांना माहीत? नागपूरजवळ जुनापाणीला न घडवलेल्या गोट्यांची वर्तुळं आहेत, ती लोहयुगातल्या माणसांची दफनं. विदर्भात अशी वर्तुळं अनेक ठिकाणी सापडली. बाहेरून पाहणाऱ्याला तो वावरातला अडथळाच वाटतो. जेसीबी एका दुपारी सपाटीकरण करते अन् अडीच हजार वर्षांची खूण धुऱ्यावर ढीग होऊन पडते. उरलेलं गिट्टीच्या खदानीत जाते.

1958 चा कायदा आहे, पण तो घोषित स्मारकांनाच वाचवतो. घोषित व्हायला आधी नोंद लागते. अन् नोंद करायला कोणीतरी चालावं लागते.

म्हणून या हिवाळ्यात एका रविवारी आपापल्या शिवारात एक चक्कर मारा. म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या. कोणता गोटा कुठून आला, कोणत्या दगडाला शेंदूर का लागला, विचारा. फोटो काढा, गावाचं नाव अन् तारीख लिहून ठेवा. वेगळं काही दिसलं तर हलवू नका, कळवा.

तुमच्या गावात असा एखादा दगड आहे का? खाली लिहा.