लोहस्तंभावरील घाव

गावाकडचे पाहुणे आले की त्यांना कुतुबमिनार दाखविणे, हे दिल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या महाराष्ट्रीयाचे एक व्रतच होऊन बसते. तेथील लोहस्तंभ ‘गंजत नाही’ एवढे सांगून आपण पुढे निघतो. परंतु त्याच्या अंगावर, बऱ्याच उंचीवर, तोफगोळ्याचा एक घाव आहे. तोही मान वर करून पाहावयास हवा.

सव्वासात मीटर उंचीच्या आणि सहा टनांहून अधिक वजनाच्या या स्तंभावर ‘चंद्र’ राजाची संस्कृत प्रशस्ती कोरलेली आहे. हा राजा म्हणजे गुप्तवंशीय दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक विद्वान मानतात. एवढे लोखंड वितळवून ओतण्याची सोय त्या काळी येथे नव्हती. लहान लहान भट्ट्यांत कोळशावर लोखंडाचे सच्छिद्र गोळे काढीत; ते तापवून, घणाखाली त्यांतील मळी पिळून काढून, गोळ्याला गोळा सांधीत हा स्तंभ घडविला गेला.

रॉबर्ट हॅडफील्ड यांनी 1912 साली केलेल्या पृथक्करणात कार्बन अवघा 0.08 टक्के व फॉस्फरस 0.114 टक्के आढळला. फॉस्फरस गंजाला आवरतो. पण तोच अधिक झाला तर लोखंड ठिसूळ बनते. कार्बन कमी असल्याने धातू नरम व चिवट राहिला. बिडाचा स्तंभ असता तर गोळ्याने त्याच्या ठिकऱ्या उडाल्या असत्या. येथे खळगा पडला, मागील बाजूस आडव्या भेगा गेल्या, आणि स्तंभ उभा राहिला. हा गोळा परंपरेने नादिरशहाच्या माथी मारला जातो.

याचाच भाऊबंद पवारांच्या धारेत आहे. तोही घणाने सांधलेला, आणि लांबीने याच्या जवळजवळ दुप्पट. गुजरातच्या सुलतानाने तो उपटून नेऊ पाहिला, तेव्हा तो पडून मोडला, असे जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नोंदविले आहे. आज त्याचे तीन तुकडे लाट मशिदीपाशी पडून आहेत. घडीव स्तंभाचे बळ जसे घणात, तसे त्याचे मर्म सांध्यात असते.

दिल्लीचा स्तंभही मूळचा येथला नव्हे. लेखात उल्लेखिलेल्या विष्णुपद टेकडीवरून तो आणलेला. मूळ जागा सुटूनही तो अभंग राहिला. 1997 पासून त्याला कुंपण आहे. कवेत घेता येत नाही. घाव मात्र कुंपणाबाहेरूनही दिसतो. बदलीच्या गावी राहणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा.