क्लीनरचा दगड

जव्हारचा इतिहास सांगायला बसलं की माणसं मुकणे राजांपासून सुरुवात करतात. जयविलास राजवाडा, शिरपामाळ, सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथं थांबले ती गोष्ट. हे सगळं मोठंच आहे. पण 1948 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत आमचा डोंगरातला माणूस कशावर बसून हलला-फिरला, आजारी पडला तर दवाखान्यापर्यंत कसा पोचला, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. तो इतिहास जीपचा आहे. आणि जीपचा इतिहास सांगायचा तर तिच्या गळतीचा सांगावा लागतो, कारण न गळणारी जीप आमच्याकडे कुणी पाहिलीच नाही.

आमचा मुलूख कसा आहे ते आधी सांगतो. जव्हार समुद्रापासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर. मोखाड्याहून त्र्यंबकला जायचं तर तोरंगणचा घाट. खोडाळ्याहून विहीगाववरून कसाऱ्याला उतरावं तेव्हा रेल्वे दिसते. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर, तोही चार महिन्यांत. वाघ, पिंजाळ, लेंढी या नद्या उन्हाळ्यात गोट्यागोट्यांच्या आणि श्रावणात अंगावर येणाऱ्या. एसटी यायची, पण मोठ्या रस्त्याला. पाड्यावरून त्या रस्त्यापर्यंत यायला दोन-दोन तास पायवाट. आजारी माणूस बांबूला झोळी बांधून दोघांनी खांद्यावर आणायचा. झोळी जिथं संपायची तिथं जीप सुरू व्हायची.

ही जीप आली कुठून? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलिस कंपनीनं लष्करासाठी ती बनवली. लढाई संपल्यावर फौजेचा माल लिलावात निघाला, त्याला लोक ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत. पुढं महिंद्रा कंपनीनं विलिसचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळी गाडीच इथं बनू लागली. आपल्या डोळ्यांपुढं येते ती उंच बॉनेटची जीप म्हणजे सीजे-थ्री-बी. अमेरिकेत ती 1953 साली निघाली. नवं इंजिन उंचीनं जास्त होतं, म्हणून बॉनेट वर उचललं. चार सिलिंडरचं, दोन लिटरच्या वरचं पेट्रोल इंजिन. तिकडं 1968 ला तिचं काम बंद झालं, आपल्याकडं मात्र पुढं कितीतरी वर्षं चाललं.

आमच्या डोंगरात ती नवीकोरी कधी आली नाही. सरकारी खात्यात आयुष्य काढून, लिलावात निघून, एखाद्या व्यापाऱ्याकडं दोन-चार वर्षं राबून मग ती आमच्या वाट्याला यायची. आमच्या घरी आली तीही अशीच, तिसऱ्या हाताची. भात, नागली निघाली की शेतीला सवड मिळायची, तेव्हा मी ती चालवायचो. पुढं दोन, मागं आठ, आणि बाहेर लटकलेले मोजायचे नाहीत.

प्रत्येक जीपला एक क्लीनर पोरगा असायचा. त्याच्या पायाशी एक दगड. नारळापेक्षा मोठा, एका बाजूनं उतरता. चढावर जीप थांबली की पोरगं उडी मारून मागच्या चाकाखाली दगड लावणार, निघताना उचलून परत आत. बाहेरगावच्या माणसाला गंमत वाटायची. आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. चाकं चार तसा दगड एक, गाडीचाच भाग तो.

दगड का लागायचा, याचं उत्तर एका सिलात होतं.

त्या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांना नसतो. गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर केस असते, म्हणजे पुढच्या चाकांना जोर द्यायची पेटी. त्या पेटीतून मागं जाणारा शाफ्ट जिथं बाहेर पडतो, तिथंच हँडब्रेकचा ड्रम बसवलेला. शाफ्टभोवती एक ऑइल सील. ते झिजलं की आतलं गिअर ऑइल सरळ ड्रममध्ये. ब्रेकची पट्टी ऑइलात भिजली की ती धरणार कशी? सपाटीवर कळत नाही, घाटात कळतं. मागच्या हबचंही तसंच. एक्सलचं सील गेलं की डिफ्रन्सलचं ऑइल नळीतून चाकाच्या ड्रममध्ये येतं, आणि मग पायाचा ब्रेकही एका बाजूला ओढतो. उतारावर एक चाक धरतं, दुसरं घसरतं. घाटात कुणाची गाडी खाली गेली की लोक वळणाला दोष देत, ड्रायव्हरच्या पिण्याला देत, देवाच्या कोपाला देत. वळण आणि दारू यांचा वाटा होताच. पण ड्रम उघडून आतली ओली पट्टी बघायला कुणी जात नसे.

ऑइल सील म्हणजे काय, हे ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांगडीएवढं पत्र्याचं कडं, त्याच्या आत रबराची पातळ ओठाळी, आणि ओठाळीच्या मागं केसासारखी बारीक गोल स्प्रिंग. फिरणाऱ्या शाफ्टला ही ओठाळी चाटून असते. स्प्रिंग तिला दाबून धरते. ओठाळीचं तोंड नेहमी ऑइलाकडं ठेवायचं. उलटं बसवलं तर नवं सीलही पहिल्या दिवशी गळतं.

पूर्वी रबराची सिलं नव्हती. फार जुन्या गाड्यांना चामड्याची असायची. क्रँकच्या मागच्या टोकाला बऱ्याच इंजिनांत वळलेली दोरी भरायचे. ती रात्रभर ऑइलात भिजवायची, खाचेत गोल दांड्यानं घोटून बसवायची, आणि दोन्ही टोकं किंचित वर ठेवून कापायची, म्हणजे दाबली गेल्यावर फट राहत नाही. टॅपेट कव्हरला बुचाच्या लाकडाचं पॅकिंग. कागदी पॅकिंग तयार मिळालं नाही तर मिस्त्री जाड कागद लोखंडावर ठेवून कडेनं गोल तोंडाच्या हातोडीनं हळूहळू ठोकायचा. धारेवर कागद आपोआप कापला जायचा. वर शेलॅकचा हात. शिंप्यानं अंगावर कापड बेतावं तसं ते काम.

रबर आलं तेव्हा आमच्याकडं एक खोटी समजूतही आली, की रबर म्हणजे रबर. जुन्या ट्यूबचे वॉशर कापून लोक जिथं तिथं घालू लागले. ट्यूबचं रबर पाण्याला चांगलं, ऑइलात ते फुगतं आणि लोण्यासारखं मऊ होतं. आठवड्यात पुन्हा गळती. सिलाचं रबर वेगळं, ऑइल सोसणारं. ते नाशिकहून आणावं लागे, नाहीतर खोडाळ्यावरून कसारा गाठून गाडीनं मुंबईला, ऑपेरा हाऊसच्या दुकानांत. सिलाची किंमत थोडी. जाण्या-येण्याची मजुरी बुडे ती मोठी. आणि क्रँकच्या मागचं सील बदलायचं तर गिअरबॉक्स, क्लच सगळं खाली उतरवावं लागे. म्हणून माणसं सील बदलण्यापेक्षा ऑइल ओतत राहायची. ड्रायव्हरच्या सीटखाली ऑइलचा डबा आणि क्लीनरच्या पायाशी दगड, असा आमचा संसार.

हा संसार मोडला तो आमच्या भागातल्या एका मिस्त्रीनं. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. शाळा चौथीपर्यंत, हात मात्र डॉक्टरचा. जीपवाला येऊन म्हणायचा, “मिस्त्री, गळतंय तिथं नवं सील टाका.” ते म्हणायचे, “गळतंय तिथं? आधी येतंय कुठून ते बघू दे, दादा.”

त्यांची पद्धत अशी. पहिल्यांदा जीप खालून डिझेलनं धुवायची, पुसून कोरडी करायची. मग संशयाच्या जागेवर कोरडा चुना भुरभुरायचा. दोन-चार मैल फिरवून आणायची आणि खाली पुठ्ठा टाकून निजायचं. चुन्यावर ओली रेघ जिथून सुरू होते तिथं आजार. कारण ऑइल जिथं ठिबकतं तिथून निघालेलं नसतं. चालत्या गाडीच्या वाऱ्यानं ते मागं सरकतं आणि उतारानं खाली येतं. वर टॅपेट कव्हर गळत असतं आणि लोक खाली चेंबरचं पॅकिंग बदलत बसतात. म्हणून शोध वरून खाली, पुढून मागं. मग वास आणि रंग. इंजिन ऑइल काळं. गिअर ऑइल दाट, त्याला उग्र वास. ब्रेक ऑइल पातळ, रंग खाणारं. ते दिसलं तर जीप तिथंच उभी, घरी न्यायचीसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती श्वासाची. इंजिनला, डिफ्रन्सलला ब्रीदर असतो, म्हणजे हवा जायला-यायला नाकपुडी. आमच्या चिखलात ती बुजायची. तापलेलं ऑइल फुगतं, आतली हवा दाबते, बाहेर पडायला वाट नाही, मग ती सिलाची ओठाळी ढकलून ऑइल बाहेर काढते. उलट, तापलेली जीप नदीत घातली की डिफ्रन्सल एकदम थंड होतं, आत ओढ तयार होते आणि सिलातून पाणी आत शिरतं. पावसाळ्यात डिफ्रन्सलचं बूच उघडलं की दुधाच्या चहासारखं ऑइल निघायचं ते यामुळं. अशा गाडीत दहा सिलं बदला, दहाही जातील. चार आण्याचं काम नाकपुडीचं असतं. तसंच इंजिनच्या रिंगा झिजल्या असल्या तर ऑइल टाकायच्या झाकणातून धूर येतो. बॅक कॉम्प्रेशन मारतंय म्हणतात ते. त्यालाही सील हा इलाज नाही.

तिसरी गोष्ट शाफ्टची. वर्षानुवर्षं ओठाळी घासून शाफ्टवर चर पडते. नखाला लागली की समजायचं. नवं सील त्याच चरीत बसवलं तर गळणारच. मिस्त्री ते एखादा मिलिमीटर अलीकडं बसवायचे, म्हणजे ओठाळी ताज्या लोखंडावर चालते. बसवताना हातोडी थेट सिलावर मारायची नाही. मापाचा पाइपाचा तुकडा ठेवून चारी बाजूंनी सारखं हळू ठोकायचं. ओठाळीला आधी ऑइलाचं बोट लावायचं. पत्र्याच्या कव्हरचे बोल्ट जोरानं आवळायचे नाहीत, पत्रा वाकतो आणि फट वाढते. गळती दिसली की पाना घेऊन पिळणारा माणूस गळती वाढवतो, हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची लेकरं गेली आणि सगळ्या महाराष्ट्राला आमचं नाव कळलं. कुपोषणावर पुष्कळ लिहिलं गेलं. आम्ही जीपवाले एकच गोष्ट बघत होतो. पाड्यावरून निघालेलं आजारी लेकरू जव्हारच्या कुटीर रुग्णालयात पोचेपर्यंतचा वेळ. त्या वेळात वाट होती, नदी होती, चढ होता आणि आमची गळकी जीप होती. एकदा भर आषाढात बाळंतपणाला अडलेली बाई घेऊन मी निघालो. दरड पडलेली, म्हणून चढावर थांबावं लागलं. क्लीनर पोरगं दरडीचे दगड बाजूला करायला पुढं गेलं. मागं दगड लावायला कुणी नव्हतं. मी हँडब्रेक ओढला आणि जीप जागची हलली नाही. मिस्त्रींनी त्याच उन्हाळ्यात ट्रान्सफरचं सील नव्यानं बसवून, ड्रम सोडून, पट्ट्या बदलून दिल्या होत्या. बाई सुखरूप पोचली, मुलगी झाली. तिच्या आईला तो हँडब्रेक ठाऊक नाही, मुलीलाही नाही. पण जव्हारच्या इतिहासात तो असायला हवा.

पुढं डिझेलचा काळ आला. इगतपुरीच्या महिंद्राच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं डिझेल इंजिन बनू लागलं, ते आमच्यापासून एका डोंगरापलीकडं. पेट्रोल परवडेना म्हणून जुन्या जीपमध्येही लोकांनी डिझेल इंजिनं बसवली. मग कमांडर, ट्रॅक्स, काळ्या-पिवळ्या गाड्या. डिझेलचा थरथराट जास्त, बोल्ट ढिले व्हायचे, गळती नव्या जागी. पण शोधायची रीत तीच. 2014 साली 108 ची रुग्णवाहिका आली, त्याच वर्षी 1 ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. रस्ते बरेच सुधारले. काही पाड्यांवर झोळी अजून आहे, हेही लिहून ठेवतो.

दगड कधी गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एकेका जीपचं सील नीट बसत गेलं तसा एकेक दगड रस्त्याकडेला राहिला. आता जुन्या जीप कुठं गोठ्यामागं उभ्या आहेत, कुठं शहरातली हौशी माणसं त्या शोधत येतात आणि चांगला पैसा देऊन नेतात. त्यांना मी एवढंच सांगतो, की रंग आणि टायर नंतर करा. आधी मागचे ड्रम उघडा, ट्रान्सफरचा ड्रम उघडा, पट्टीवर बोट फिरवा. बोट कोरडं आलं तर गाडी घाटात न्या. ओलं आलं तर दगड बरोबर घ्या, आणि पहिल्या मिस्त्रीकडं थांबा.